थोरलीचं पांघरूण

आमच्या विभागात सुई हरवली की सगळं थांबतं. कुणी जेवायला जात नाही, कुणी दार उघडत नाही. सुई उपग्रहाच्या आत राहिली आणि वर गेल्यावर तरंगत तरंगत दोन तारांना एकदम टेकली, तर सगळ्यांच्या कष्टांवर पाणी. म्हणून सुया मोजून घ्यायच्या आणि मोजून परत करायच्या. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात एक सुई कमी भरली. आम्ही सगळे पांढऱ्या डगल्यांत, फक्त डोळे उघडे, गुडघ्यांवर रांगत फरशी तपासत होतो. आणि एक ठेंगणी बाई खोलीच्या मधोमध पुतळ्यासारखी उभी होती.

"तुम्ही नाही शोधत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"माझीच हरवलीय," ती म्हणाली. "अंगावर कुठे अडकली असली तर हलले की पडेल, आणि मग बसा शोधत. तू इकडे ये, आधी माझ्या बाहीत बघ. तुझे डोळे नवीन आहेत."

सुई तिच्या बाहीच्या दुमडीत होती. ही टाकेमावशी. तिचं खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

मावशी उपग्रहांची पांघरुणं शिवायची. उपग्रहाची एक बाजू उन्हात भाजत असते आणि दुसरी त्याच वेळी गोठत असते. आतल्या यंत्रांना दोन्ही सोसत नाही. म्हणून त्याला गुंडाळतात; पदरावर पदर, गोधडीच म्हणा ना. फक्त हे पदर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतात, आरशासारखे चकचकीत, आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये बारीक जाळी, म्हणजे ते एकमेकांना टेकू नयेत. असे वीसेक पदर मिळून एक पांघरूण. कोपरे, नळ्या, खुंट्या यांच्याभोवती ते बसवायचं तर मशीन चालत नाही. हात लागतो.

त्याआधी ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवत होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला जाहिरात वाचून दाखवली : हाताने बारीक शिवण येणारी व्यक्ती पाहिजे. "मला वाटलं, सोफ्याच्या खोळी असतील," ती सांगायची. आली तर समोर उपग्रह. आणि पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, बाई, सैल शिवा. टाका जिथे घट्ट बसतो तिथे पदर एकमेकांना चिकटतात आणि तिथून ऊब पळते.

"अगं, जन्मभर घट्ट शिवायला शिकले. कॉलरची टीप सैल पडली की मुकादम तोंडावर फेकायचा. आणि चाळिशीत म्हणे सैल शिका. घरी जाऊन ह्यांना विचारलं, तुम्हाला बस उलटी चालवायला सांगितली तर? हे म्हणाले, पगार तोच असेल तर चालवतो."

हे म्हणजे काका. बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त. दर भेटीत आम्हाला ऐकवायचे, "आख्ख्या आभाळाला पांघरूण शिवते, आणि माझ्या शर्टाला बटण नाही."

मावशीने शिवलेला पहिला उपग्रह म्हणजे थोरली. हे नाव नंतर पडलं, दुसरी आल्यावर. थोरली समुद्राचं तापमान मोजायची. मोठी होती, एखाद्या टेम्पोएवढी. तिचं पांघरूण मावशीने सांगितल्याप्रमाणे सैलच शिवलं, पण कडेला आल्यावर तिचा हात ऐकेना. कडेने उसवत जाणारं कापड तिला बघवायचं नाही. म्हणून चारी बाजूंनी तिने दुहेरी टीप घातली, कॉलरला घालतात तशी. कडेला थोडी ऊब पळाली तरी चालणार होती, तेवढी सूट हिशेबात होती. तेव्हाचे तपासनीस भिंग घेऊन आले, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, वा! त्याच कापडाचा, तशीच कड असलेला एक नमुना तिच्याकडून शिवून घेऊन बाहेरच्या बोळातल्या काचेच्या कपाटात ठेवला. नवीन माणूस आला की आधी त्याला ते कपाट दाखवत. मलाही दाखवलं होतं. पुढे नियम बदलले, कडही एकेरी आणि सैल झाली, पण नमुना कपाटातच राहिला. सुंदरच होता तो.

थोरलीने नेमून दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं काम केलं. मग तिचं इंधन संपलं, बॅटरी गेली, आणि एक दिवस ती बोलायची थांबली. ती बनवली त्या काळात, काम झाल्यावर उपग्रह खाली कसा आणायचा याचा विचार फारसा कुणी करत नसे. आकाश मोठं आहे, असं सगळे धरून चालले होते. त्यामुळे ती वरच राहिली. फिरतेय. बोळात तिचा मोठा फोटो आहे, त्याखाली बाक आहे.

धाकटी आमच्या वेळची. जंगलातले वणवे लहान असतानाच ओळखायचे आणि खाली कळवायचं, हे तिचं काम. कपडे धुवायच्या मशीनएवढी. वजन वाचवायचं म्हणून तिला इंजिनच दिलेलं नाही. ठेवली तिथे फिरत राहणार, आणि आयुष्य संपल्यावर एक पातळ शीड उघडून विरळ हवेच्या जोरावर हळूहळू खाली येणार. आतलं अर्धं काम आम्ही पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या पोरापोरींनी केलं. पांघरूण मावशीचं. तोवर तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, आता बारीक काम बंद करा. "बोटांना सुई कळत नाही गं," ती मास्कमधून म्हणायची. "डोळ्यांनी शिवतेय." प्रत्येक टाका सैल, नियमाप्रमाणे. एकेक कोपरा ती तीन-तीनदा उसवून परत शिवायची. हे आपलं शेवटचं काम, हे तिला ठाऊक होतं, आम्हालाही.

धाकटी वर गेली तो दिवस आम्ही कँटीनमधल्या पडद्यावर पाहिला. हल्ली रॉकेटचा खालचा भाग काम झालं की परत येतो आणि आपल्या पायांवर उभा राहतो. धूर निवळला, तो उभा दिसला, आणि सगळे बाकांवर चढून ओरडायला लागले. मावशीने माझी बाही ओढली.

"हा परत आला?"

"हो मावशी. धुऊनपुसून पुन्हा वापरतात."

"आणि आपली थोरली?"

"ती... तिथेच."

"म्हणजे कमावता मुलगा घरात, आणि म्हातारी रस्त्यावर," मावशी म्हणाली. शेजारचे हसले. ती हसली नाही, पण नंतर चहा मात्र तिनेच सगळ्यांना पाजला.

ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी काका बटण नसलेला शर्ट मुद्दाम घालून आले होते.

पुढे काही महिन्यांनी साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, कमी बोलणारे. त्यांच्या टेबलावर एक फोटो होता. आकाशातला कचरा उचलायचा धंदा सुरू करू पाहणाऱ्या एका कंपनीने सरावासाठी एक यान पाठवलं होतं. जवळून जाताजाता त्याने थोरलीचा फोटो काढला होता. एकेकाळी सगळी सोनेरी होती ती. आता मळकट तपकिरी झालेली. आणि एक बाजू उघडी.

"मावशींना बोलवा," साहेब म्हणाले. "कुठला तुकडा गेलाय ते त्याच सांगतील."

मावशी आली. काकाही आले, ती बसने एकटी येऊ शकते हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं. तिच्या गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला होता आणि तो तिला टोचत असावा, कारण ती सारखी तो बाजूला करत होती. पडद्यावर फोटो मोठा केला. उघड्या बाजूवर, पांघरूण चिकटवलं होतं त्या डिंकाचे काळे ठिपके ओळीने दिसत होते.

"पाठ आहे ही," ती लगेच म्हणाली. "पाठीवरचं आख्खं निघालंय."

"नक्की?"

"अहो साहेब, आपल्या पोराची पाठ ओळखू येणार नाही?" मग ती पडद्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "उघडी पडली की गं."

खोलीत आणखी एक माणूस होता तो ज्योतिषी. वर कोण कधी कुठे असेल याचं गणित तो करतो, म्हणून हे नाव. तो दर वेळी सांगतो की मी गणित करतो, भविष्य नाही सांगत, आणि आम्ही दर वेळी त्याच्यासमोर हात पुढे करतो. आज कुणी हात पुढे केला नाही.

"मावशी, एक वस्तू बऱ्याच दिवसांपासून आमच्या नोंदीत बेवारस म्हणून होती," तो म्हणाला. "लुकलुकते, गोल गोल उलटते, आणि वागते विचित्र. नुसत्या उन्हाच्या रेट्यानेही सरकते. म्हणजे हलकी आणि पसरट. आता कळलं ती काय आहे. तुमचं पांघरूण काही वर्षांपूर्वी सुटलं आणि हळूहळू खाली उतरतंय."

"मग सापडलं म्हणा. बरं झालं."

साहेब म्हणाले, "ते आता धाकटीच्या उंचीवर आलंय. परवा दोघांच्या वाटा एकमेकींना कापतात. फार जवळून."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "मग तिला सरकवा."

"तिला इंजिन नाही, मावशी."

"कापडच आहे ना पण? मऊ. लागून लागून किती लागेल?"

"तिथल्या वेगाला मऊ-कठीण कळत नाही," ज्योतिषी म्हणाला. "बंदुकीच्या गोळीच्या दहापटीहून जास्त वेगाने भेटतील. रुमाल लागला तरी तिचे तुकडे होतील."

"आणि हे फोटो काढणारे? त्यांना सांगा की उचलायला."

"विचारलं," साहेब म्हणाले. "त्यांचं यान रॉकेटच्या मेलेल्या टाक्या धरायला आहे. तेही अजून सरावातच. फडफडणाऱ्या कापडाला हात घालायला ते तयार नाहीत. आणि तयार झाले तरी पोचायला महिने."

काका मागच्या खुर्चीतून म्हणाले, "म्हणजे ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही आणि समोरून गाडी. मग ड्रायव्हरने करायचं काय?"

"आतली चाकं फिरवून थोडं वळवता येतं, जागच्या जागी," मी म्हणाले. "तिची अरुंद बाजू समोर करणार आहोत. कमीत कमी जागा अडेल अशी."

"अंग चोरून उभी राहणार," काका म्हणाले. "गर्दीच्या बसमध्ये राहतात तशी."

"हो. तेवढंच."

मावशी बराच वेळ बिल्ल्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. मग तिने ज्योतिष्याला विचारलं, "एक विचारू? खरं सांगा. कडेला ती दुहेरी टीप नसती तर?"

ज्योतिष्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीकडे बघत होते. ज्योतिषी खोटं बोलू शकत नाही, त्याचं तोंडच तसलं आहे.

"डिंक सुटायचा तो सुटलाच असता," तो म्हणाला. "पण मग पदर सुटे झाले असते. एकेक पदर अगदी हलका. वरची जी काही विरळ हवा आहे तिने त्यांना भराभर खाली ओढलं असतं. वीस पदर एकत्र म्हणजे त्यामानाने जड. म्हणून टिकून आहे."

"खाली ओढलं असतं म्हणजे?"

"जळून गेले असते. धाकटी वर जायच्या कितीतरी आधी."

"त्या टिपेचं कौतुक झालं होतं," मावशी म्हणाली.

"तुमची चूक नाही ती," साहेब घाईने वळून म्हणाले. "कड तपासून मंजूर झाली होती. डिंक त्या वेळचा सगळ्यात चांगला होता. सुटल्यावर पुढे काय, हा विचारच तेव्हा कुणी करत नव्हतं. खरं तर चूक कुणाचीच नाही."

"कुणाचीच नाही?"

"नाही."

"मग उसवायचं कुणी?"

काका उठले, म्हणाले, "चल, पाणी पी."

ठरलेल्या दिवशी ती सकाळीच आली. येऊ नका असं सांगायचं धाडस कुणी केलं नाही. ज्योतिषी आदल्या दिवसापासून नियंत्रण कक्षातच होता, दाढी वाढलेली. जगभरातल्या दुर्बिणी आणि रडार जे काही कळवतील ते तो गणितात भरत होता, आणि दर वेळी उत्तर बदलत होतं. सकाळी म्हणाला, लांबून जाईल. चहाच्या वेळी म्हणाला, जवळून. मग पुन्हा लांबून. दगड असता तर त्याने छातीठोक सांगितलं असतं, पण ते कापड होतं. कधी उन्हाला पाठ करायचं, कधी कड. वाऱ्यावर गेलेलं पान कुठे पडेल ते कोण सांगणार?

धाकटी आदल्या दिवशीच वळवून ठेवली होती. आता नियंत्रण कक्षात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाच-सहा माणसं पडद्यांसमोर बसून होती आणि कुणाचेही हात हलत नव्हते.

मावशी बोळात बाकावर बसली होती. मी बाहेर आले तेव्हा ती साहेबांना म्हणत होती, "त्या कपाटातला नमुना मला काढून द्याल?"

"कशाला?"

"द्या तर खरं."

साहेबांनी किल्ली मागवली. मी भांडारातून टोकदार कात्री आणली, सही करून. मावशीने नमुना मांडीवर घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि कडेची टीप उसवायला घेतली.

कात्रीचं टोक टाक्याखाली शिरेना. इतकी घट्ट ती टीप. तिची बोटं दोनदा घसरली. टोक अंगठ्यात गेलं तरी तिला ते लवकर कळलं नाही, मीच रुमाल दिला.

"मी करू का, मावशी?"

"नको. मी घातलीय."

काका शेजारी टोपी हातात धरून बसले होते. ते म्हणाले, "इतकं घट्ट माझं बटण लावलं असतंस तर." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

वाटा एकमेकींना कापायच्या होत्या त्या जगाच्या दुसऱ्या बाजूला, समुद्रावर. तिथे धाकटीशी बोलायची सोय नाही. ती वेळ आली आणि गेली. बोळात काहीच झालं नाही. दूर कुठेतरी फोन वाजून बंद झाला. आता धाकटी आमच्या क्षितिजावर येईपर्यंत थांबायचं होतं. आली आणि बोलली तर आहे. नाही बोलली तर मग मोठे रडार किती तुकडे दिसतात ते सांगतील.

कात्री कट् कट् वाजत होती. एक टाका. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

आतून टाळ्यांचा कडकडाट झाला. मी धावत गेले. पडद्यावर हिरव्या ओळी सरसर वर जात होत्या. बॅटरी, तापमान, कॅमेरा, सगळं जागच्या जागी. कुणीतरी मला मिठी मारली. मी परत बोळात धावले.

"बोलली मावशी! धाकटी बोलली!"

मावशीने कात्री मांडीवर ठेवली आणि भिंतीला डोकं टेकलं. काकांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "आता घरी जाऊन जेवू या," ते म्हणाले.

तेवढ्यात ज्योतिषी बाहेर आला. सगळ्यांत तोच एक टाळ्या वाजवत नव्हता. तो मावशीसमोर येऊन उभा राहिला.

"किती लांबून गेलं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"गेलं, एवढंच कळलं. किती लांबून ते सांगता येणार नाही."

"परत येईल?"

त्याने मान डोलावली. "दोन्ही वाटा अजून बरेच दिवस एकमेकींना कापत राहणार आहेत. कधी खूप लांब असतील, कधी आजच्यासारखं. दर वेळी दोन-तीन दिवस आधीच काय ते कळेल."

"बरेच दिवस म्हणजे किती?"

"ज्योतिषी आहे ना मी," तो म्हणाला. हे नाव त्याने स्वतः घेतलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मावशीने कात्री पुन्हा उचलली. दोन टाके तोडले, तिसरा तोडला, आणि नखाने वरचा पदर ओढला. तो अख्खा निघाला. बोळातल्या पंख्याच्या वाऱ्याने तो तिच्या हातातून सुटला, छताकडे गेला, एकदा उलटला, दिव्याखाली लखलखला, आणि मग डुलत डुलत खाली येऊन ज्योतिष्याच्या बुटांपाशी पडला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

मावशीने दुसरा पदर ओढून पाहिला. तो आला नाही. बाकीचे सगळे तिने शिवले होते तसेच होते, एकमेकांना धरून.

"चल," काका म्हणाले. "बस चुकेल."

तिने कात्री माझ्या हातात दिली. "नोंदवून परत कर हो. विसरशील." मग जायला निघाली आणि दारापाशी थांबली.

"पुढच्या वेळी मला कळवाल ना?" तिने ज्योतिष्याला विचारलं.

"कळवतो. पण मावशी, कळवून तुम्ही काय करणार?"

"काही नाही," ती म्हणाली. "येऊन बसेन."